बुधवारची अळणी आणि मूठभर शेवया



आजचा विषय थेट चुलीपाशी नेणारा आहे. कामाच्या दिवशी, संध्याकाळी उशिरा घरी पोचल्यावर, पाऊण तासात करायचं चिकन नूडल सूप. मी पेशाने आयटी सल्लागार. गोदामांतल्या मालाची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर बसवून देणं हे माझं काम, त्यामुळे आठवड्यातले बरेच दिवस शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात जातात. स्वयंपाकाचं कुठलंही प्रमाणपत्र माझ्याकडे नाही. एमबीएचं आहे, पण कुकरपुढे त्याचा फारसा उपयोग होत नाही. एका बाबतीत होतो, ते पुढे सांगतो.

शारजात राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण आपले श्रोते पार अमेरिका-ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेले आहेत, म्हणून थोडं चित्र उभं करतो. हे औद्योगिक क्षेत्र नावांनी नाही, आकड्यांनी ओळखलं जातं. इंडस्ट्रियल एरिया एक, दोन, तीन असं करत पुढे. गोदामं, गॅरेजं, गाड्यांचे जुने सुटे भाग विकणारी दुकानं, आणि मधूनमधून कामगारांच्या राहण्याच्या इमारती. संध्याकाळी सहा वाजले की कामगारांच्या बसेस, ट्रक आणि दुबईहून परतणाऱ्या गाड्या एकदमच रस्त्यावर येतात. नॅशनल पेंट्सचा चौक म्हणून जो ओळखला जातो, त्या बाजूला गाडी अडकली की दहा मिनिटांच्या अंतराला पाऊण तास सहज लागतो. दुबईत नोकरी करणाऱ्यांची अल इत्तिहाद रोडवर हीच गत.

म्हणजे घरी पोचायला सात, सव्वासात. सकाळी सव्वासहाला मुलांची स्कूल बस येते, त्यामुळे साडेनऊला मुलं झोपलेली हवीत. मधले दोन तास एवढाच काय तो आपला संसार. त्या दोन तासांत अभ्यास, आंघोळ, गावाकडचा फोन आणि जेवण. अशा वेळी हात आपोआप फोनकडे जातो आणि बाहेरून काहीतरी मागवलं जातं. ते वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. पण आठवड्यातून तीन-चारदा असं झालं की घरात ओट्यावर काही शिजतंय, त्याचा वास येतोय आणि सगळे त्याची वाट बघताहेत, हा प्रकारच बंद होतो. मला त्याची काळजी वाटते. मुलं मोठी होऊन आणखी कुठल्या तरी देशात जाणार. जाताना ती काय चव सोबत नेणार?

आता तुम्ही म्हणाल, यावर चिकन नूडल सूप हा कसला उपाय? ते तर अमेरिकन. डब्यातलं. खरं आहे. कॅम्पबेल कंपनीने १९३४ साली ते डबाबंद विकायला काढलं, तेव्हा त्याचं नाव उलटं होतं, आधी नूडल आणि मग चिकन. एका रेडिओ कार्यक्रमात जाहिरात वाचणाऱ्याच्या तोंडून ‘चिकन नूडल सूप’ असं निघून गेलं, लोकांना तेच आवडलं आणि कंपनीने नाव बदलून टाकलं, असं सांगतात. रेडिओवर बोलताना जीभ घसरली तरी कधीकधी भलं होतं, एवढा दिलासा मी त्यातून घेतो.

पण नाव बाजूला ठेवा आणि भांड्यात बघा. कोंबडी, पाणी, कांदा, आलं, लसूण, मीठ, थोडी हळद. शिजवून निघालेलं पाणी. कोल्हापूर, सांगली, सातारा भागातली मंडळी हे लगेच ओळखतील. ही आपली अळणी. शब्दाचा अर्थ बिनमिठाचं, पण त्या भागातल्या अळणीत मीठ असतंच, नसतं ते तिखट. तांबडा रस्सा असो की पांढरा, दोन्हीच्या आधी हे पाणी निघतं. मसाला पडण्याआधी त्यातली एक वाटी लहान मुलांना, बाळंतिणीला, घरातल्या आजाऱ्याला दिली जाते. आपण तिला कधी पूर्ण जेवण मानलं नाही, रश्श्याच्या वाटेवरचा एक टप्पा एवढंच मानलं. माझं म्हणणं इतकंच की बुधवारी रात्री त्या टप्प्यावरच थांबा आणि त्यात मूठभर शेवया सोडा. झालं तुमचं चिकन नूडल सूप.

इथल्या अरबी घरांतही हेच करतात. बारीक तुकड्यांच्या शेवयांना ते शाइरिया म्हणतात, त्या तुपावर परतून भातातही घालतात आणि कोंबडीच्या सुपातही. रमजान जवळ आला की दुकानांत या पाकिटांच्या थप्प्या लागतात. तेव्हा शेजारणीकडून सुपाची वाटी आली तर चव परकी वाटत नाही, त्याचं कारण हे.

बुधवारच का, तेही सांगतो. आपल्याकडे बहुतेक घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार यांतला एखादा तरी वार पाळलेला असतो, कुठे मंगळवारही. रविवारी बेत मोठाच असतो. उरले बुधवार आणि शुक्रवार. त्यात शारजाचा आणखी एक घोळ आहे. १ जानेवारी २०२२ पासून इथल्या सरकारी कचेऱ्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते आणि शाळाही चारच दिवस भरतात. खाजगी कंपन्यांचं मात्र ज्याचं त्याचं वेगळं, औद्योगिक क्षेत्रात तर शनिवारीही कामं चालतात. म्हणजे मुलं शुक्रवारी घरी आणि आईबाबा कामावर. म्हणून मी बुधवारी पूर्ण कोंबडी शिजवतो. अर्ध्याहून जास्त त्या रात्री सूप म्हणून संपते. गुरुवार पाळायचा. उरलेल्या अळणीचा शुक्रवारी रस्सा. एका कुकरात दोन रात्री निघतात, आणि फ्रीजमध्ये दोन दिवस ती अळणी व्यवस्थित राहते.

आता सामान. जवळच्या ग्रोसरीत थंड ठेवलेली ताजी कोंबडी वजनावर मिळते, ९००, १००० किंवा ११०० ग्रॅमची. चौघांच्या घराला हजारची पुरते. दुकानदार बहुतेक वेळा केरळचा असतो, त्याला सांगून तुकडे करून मिळत असतील तर उत्तमच. बोनलेस घेऊ नका. सुपाला अंग येतं ते हाडांमुळे आणि सांध्यांमुळे. मान, पाठ, पंखांची टोकं, जे आपण एरवी बाजूला सारतो त्यातच जिलेटिन असतं. नीट शिजलेली अळणी फ्रीजमध्ये ठेवली की जेलीसारखी थरथरते. ती बिघडलेली नसते, उलट चांगली झाल्याची ती खूण. फ्रोजन कोंबडीही चालेल, पण ती आदल्या रात्रीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा. ओट्यावर नको.

आणि घरी येताना कोंबडी घेतली असेल तर तिला गाडीत ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका. जून-जुलैमध्ये बाहेर पंचेचाळीस अंश असतात आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. कोंबडी ही शेवटची खरेदी, तिथून थेट घर.

इथे आईशी माझा वाद ठरलेला आहे. आई फोनवर विचारते, "तीन पाण्यांनी धुतलीस ना?" मी म्हणतो, धुतली नाही. पलीकडे शांतता. मंडळी, कच्ची कोंबडी नळाखाली धुतली की तिच्यावरचे जंतू शिंतोड्यांबरोबर सिंकवर, ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. शिजवताना ते मरतातच, मग उडवायचे कशाला? गावाकडे कोंबडी घरी साफ व्हायची, पिसं-रक्त असायचं, तेव्हा धुणं भाग होतं. इथे ती साफ होऊनच येते. वाटल्यास कागदी रुमालाने टिपा, हळद-मीठ चोळा, आणि हात साबणाने धुवा. आईला मी एवढंच सांगतो की हळद लावली आहे. ते खरंही असतं.

आता कृती, आणि एमबीएचा तो एक उपयोग. प्रकल्प आखताना आम्ही क्रिटिकल पाथ काढतो. म्हणजे कामांची अशी साखळी, की तिच्यात उशीर झाला तर सगळ्यालाच उशीर. सुपात ती साखळी एकच: पाणी तापणं, कुकरची वाफ धरणं आणि वाफ जिरणं. बाकी सगळं त्याच्या पोटात बसतं. म्हणून घरात शिरल्यावर बूट काढायच्याही आधी इलेक्ट्रिक किटलीत पाणी लावा. साधारण पावणेदोन लिटर, म्हणजे सात कप. थंड पाणी कुकरात तापवायला जो वेळ जातो, तो इथे वाचतो.

पाणी तापतंय तोवर पाच लिटरच्या कुकरात दोन चमचे तेल, त्यात एक मोठा कांदा जाडसर चिरून, सात-आठ लसणीच्या पाकळ्या ठेचून, बोटाच्या पेराएवढं आलं. दहा-बारा मिरी, एक तमालपत्र, दालचिनीचा बोटभर तुकडा. लवंग एखादीच, जास्त झाली तर सुपाला दंतमंजनाचा वास येतो. कांदा लाल करायचा नाही, फक्त मऊ. मग पाव चमचा हळद, कोंबडीचे तुकडे आणि दीड चमचा मीठ. तीन-चार मिनिटं परता, तुकडे पांढरे झाले की किटलीतलं उकळतं पाणी ओता. कोथिंबिरीच्या काड्या फेकू नका, त्यांची जुडी बांधून यातच टाका. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, पातळ पदार्थ शिट्टीतून वर येतो.

झाकण, एक शिट्टी, मग गॅस बारीक करून दहा मिनिटं. कुकरच्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास तापतं, म्हणून उघड्या पातेल्यात तासाभराने निघेल तो अर्क इथे दहा मिनिटांत निघतो. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून घाई केली तर सूप छताला लागेल, आणि आतलं उसळून गढूळ होईल ते वेगळंच.

ही वीस-पंचवीस मिनिटं तुमची आहेत. आंघोळ, गृहपाठ, गावाकडचा फोन. मुलांपैकी एकाला गाजर किसायला बसवा, दुसऱ्याला फरसबी मोडायला. भाज्या घरात असतील त्या. गाजर, कोबी, फरसबी, मक्याचे दाणे. बटाटा नको, तो पाणी पितो आणि सूप पिठूळ करतो.

कुकर उघडला की तुकडे ताटात काढा आणि पाणी गाळून घ्या. सव्वा लिटर पातेल्यात, उरलेलं डब्यात, शुक्रवारसाठी. तुकडे हाताळण्याइतके निवले की अर्ध्यांचं मांस हाडांपासून सोडवा. छातीचा भाग काट्याने पिंजला की दोऱ्यासारखा सुटतो. उरलेले अर्धे तुकडे हाडांसकट शुक्रवारच्या डब्यात.

पातेल्यातल्या पाण्याला उकळी आली की भाज्या टाका, चार मिनिटांनी शेवया. चौघांना शंभर ग्रॅम पुरे. गव्हाच्या बारीक शेवया असतील तर आधी कोरड्या भाजून घ्या, बदामी रंगावर. भाजल्यामुळे त्या लवकर लगदा होत नाहीत. भाजलेल्या विकत मिळतात त्याही चालतात, फक्त खिरीसाठी साखर घातलेलं पाकीट उचलू नका. तीन मिनिटांत शेवया होतात. गॅस बंद, मग पिंजलेलं चिकन, ताजी मिरपूड, लिंबू, कोथिंबीर. लिंबू उकळीत नको, कडवटपणा येतो.

इन्स्टंट नूडल्स चालतील का, असं मला कायम विचारतात. मुलांना त्याच हव्या असतात, मला ठाऊक आहे. चालतील, पण मसाल्याची पुडी बाजूला ठेवा. त्या पुडीत आणि चिकनच्या घट्ट वड्यांत मुख्य ऐवज मीठ असतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचा, आणि तो दिवसभराचा सगळा मिळून. घरच्या सुपात मीठ आपल्या हातात असतं. आमच्या इमारतीत रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे चाळिशीतले लोक मोजायला बसलो तर दोन्ही हातांची बोटं संपतील.

सर्दीवर याचा उपयोग होतो का? आजी हो म्हणायची आणि शास्त्रज्ञांनीही बघून घेतलं आहे. १९७८ साली अमेरिकेत मायामी बीच इथल्या डॉक्टरांनी निरोगी माणसांना गरम पाणी, गार पाणी आणि चिकन सूप देऊन नाकातला शेंबूड किती वेगाने सरकतो ते मोजलं. गरम सूप गार पाण्यापेक्षा सरस ठरलं. २००० साली नेब्रास्का विद्यापीठाच्या डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी बायकोच्या आजीच्या कृतीचं सूप प्रयोगशाळेत तपासलं. सर्दीत सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल त्याने थोडी मंदावली. पण ते काचेच्या भांड्यातलं, माणसात तसंच होतं असा त्याचा अर्थ नाही. औषधाच्या जागी सूप नको. ताप उतरत नसेल तर क्लिनिक गाठा. पण घसा दुखत असताना गरम, खारट, पातळ काहीतरी पोटात जातं, आणि अंगात पाणी राहतं, हेही काही थोडं नाही.

आता जे सांगायचं म्हणून हा विषय घेतला, ते.

मी काम करतो त्या एका गोदामात चिपळूणकडचा एक स्टोअरकीपर आहे. बेडस्पेसमध्ये राहतो. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो, बेडस्पेस म्हणजे खोली नाही, खोलीतला एक पलंग भाड्याने. सहाजण, वेगवेगळ्या पाळ्या. गेल्या हिवाळ्यात तो चार दिवस तापाने पडून होता. खोलीतले बाकीचे वाईट नव्हते, पण कुणी पहाटे निघायचा, कुणी पहाटे परतायचा. स्वयंपाकघर सामायिक आणि शेगडीसाठी रांग. तो बिस्किटं आणि चहावर होता. बाहेरून मागवायला पैसे नव्हते असं नाही, पण एका जेवणाचे वीस-पंचवीस दिरहॅम त्याला गावच्या पैशांत दिसायचे. घरी बायकोला त्याने आजारपण कळवलं नव्हतं.

तो बुधवार होता आणि कुकर लागलेलाच होता, त्यामुळे मी फार काही केलं असं नाही. एक लिटरच्या थर्मासमध्ये उकळती अळणी, डब्यात पिंजलेलं चिकन आणि भाज्या, आणि भाजलेल्या शेवया वेगळ्या कोरड्या पुडीत. तो पलंगावर उठून बसला, वास घेतला आणि म्हणाला, "दादा, तिखट नाय घातलंस?" मग दोन वाट्या प्यायला. काही बोलला नाही. खालच्या पलंगावरचा बांगलादेशी मुलगा ड्यूटीवरून आला होता, त्याला त्याने तिसरी वाटी दिली.

तुमच्यापैकी कुटुंबासह राहणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीत असा एखादा माणूस असतो. शारजात बेडस्पेसमधला, दुसरीकडे कुठे मास्टर्स करायला नुकताच आलेला पोरगा. त्याला जेवायला बोलावतो आपण, दिवाळीला. आजारी असताना तो येऊ शकत नाही, आणि कळवतही नाही. दोन दिवस फोन उचलला नाही तर तिसऱ्या दिवशी जाऊन बघा, आणि जाताना थर्मास न्या. आधी एवढं विचारा की कोंबडी खातो ना आणि आज कुठला वार पाळत नाही ना.

न्यायची रीत नीट ऐका. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, ते ओतून द्या, मग उकळतं सूप भरा. शेवया आत घालायच्या नाहीत, वाटेतच फुगून खीर होते. तिथे वाटीत शेवया, त्यावर गरम अळणी, वर झाकण, पाच मिनिटं. आधी भाजलेल्या बारीक शेवया तेवढ्यात मऊ होतात, शेगडीची रांग लावावी लागत नाही. चिकनचा डबा त्याच रात्री संपवायला सांगा.

आपल्या घरच्या उरलेल्या अळणीलाही हेच. शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेली पाहिजे. खोलीत एसी बंद असून उकडत असेल तर तासाभरातच. मोठं पातेलं लवकर निवत नाही, म्हणून उथळ डब्यांत वाटून ठेवा. शुक्रवारी वरचा चरबीचा थर चमच्याने काढा, पण फेकू नका. त्याच चरबीत कांदा-खोबऱ्याचं वाटण परता, कांदा-लसूण मसाला घाला, ती जेलीसारखी अळणी आणि हाडांचे तुकडे त्यात सोडा, आणि रटरटून उकळा. मुलांना सुट्टी असते, तोवर भाकरीचं पीठ मळायला त्यांनाच बसवा.